वानराची हाक आणि सशाचा चावा

एका जंगलात ओढ्याच्या अलीकडे एक हरणी चरत असे. तिला एकच पाडस होते. चरायला निघताना ती त्याला ओढ्यापलीकडच्या उंच गवतात लपवी आणि रोज बजावी, "वानरमामाची हाक आली तरच उठायचं. दुसरं काहीही वाजलं तरी हलायचं नाही."

मुलांनो, यात तिचे काही चुकले असे तुम्हांलाही वाटणार नाही. उंच सावरीच्या शेंड्यावर बसणाऱ्या वानराला सारे जंगल दिसे, आणि वाघ दिसताच तो असा ओरडे की मुंग्यासुद्धा जाग्या होत. पण टेकडीखालच्या बिळात राहणाऱ्या म्हाताऱ्या साळिंदराला तेवढ्याने चैन पडत नसे. त्याने आणखी एक रीत घालून दिली होती. दर आठ दिवसांनी उन्हे कलली की तो अंगावरचे काटे खुळखुळवी. ते ऐकून सुतार पक्ष्याने खोडावर तीन ठोके द्यायचे, ठोके ऐकून हरणीने खूर आपटायचा आणि खूर ऐकून ओढ्यापलीकडच्या सशाने पाय आपटायचे, म्हणजे गवतातल्या पिलांनी उठून पाण्याकडे धावायचे. हरणी दोनदा ठरल्या जागी आली, मग येईनाशी झाली. "काका, तुमचा हा खुळखुळा लहान पोरांना द्या," ती हसून म्हणाली. साळिंदर म्हणाला, "अगं, उद्या वानराचा घसा बसला तर?" "त्याच्या घशाला काय धाड भरलीय!" असे म्हणून ती निघून गेली.

चैत्रातल्या एका भर दुपारी काटे खुळखुळले. पाठोपाठ तीन ठोके पडले. "आज वार नाही, वेळ नाही. काकांना ऊन लागलं वाटतं," हरणी पुटपुटली आणि पुन्हा गवताला लागली. परत तीन ठोके. "पुरे की रे आता!" ती ओरडली. सुतार पक्षी तिच्या खुराची वाट पाहून थकला आणि तिच्या डोक्यावरून ओढ्यापलीकडे उडाला. इतक्यात तिच्या तोंडासमोर काहीतरी काळे, हलके येऊन पडले. तिने नाक लावले. राख होती, आणि ती गरम होती. तिने वर पाहिले. सावरीच्या शेंड्यावर वानर उभा होता. मान ताणलेली, तोंड वासलेले, आणि आवाज मात्र काहीच नाही! खालून चढलेल्या वणव्याच्या धुराने त्याचा घसा भरला होता. तो जिवाच्या आकांताने ओरडत होता आणि कुणालाच ऐकू जात नव्हते.

हरणीने एका उडीत ओढा पार केला. पाडसाला जिथे लपवले होते, तिथे ज्वाळा नाचत होत्या. तिचे चारही पाय जागीच थिजले. डोळे उघडे होते, पण समोरचे काही मनात शिरेना.

"अगं ए, इकडे बघ!" खालच्या बाजूने ससा ओरडला. ओढ्याच्या पाण्यात पाडस उभे होते. त्याच्या कानातून रक्त गळत होते.

"सुताराचे ठोके ऐकले आणि पाय आपटायला लागलो. आपटून आपटून माझे तळवे सोलले," ससा धापा टाकत म्हणाला, "पण हे आपलं डोळे मिटून बसलेलं! म्हणे, 'आईनं सांगितलंय, वानरमामाची हाक आल्याशिवाय हलायचं नाही.' शेवटी कडकडून कान चावला, तेव्हा कुठे उठलं."

पाडस घाबरत म्हणाले, "आई, मी तुझं ऐकलं नाही. रागावशील?"

हरणी त्याचा फाटका कान चाटत राहिली. मागे गवत तडतडत जळत होते.

आठ दिवसांनी उन्हे कलायच्या आधीच हरणी पाडसाला घेऊन आपल्या जागी येऊन उभी राहिली. वानरही झाडाखाली आला होता. त्याचा घसा अजून सुटला नव्हता, म्हणून खोडावर बडवायला त्याने हातात एक वाळकी फांदी धरली होती. काटे खुळखुळले, तीन ठोके पडले, आणि हरणीच्याही आधी पाडसाचा इवला खूर जमिनीवर वाजला.

तात्पर्य : एकाच हाकेवर सगळ्यांचा जीव टांगून ठेवू नये. दुसरी हाक हवीच, आणि तिची ओळख संकट येण्याआधी लहानथोरांच्या कानांना झालेली असावी.