पाण्याखालचा कळस

"...आणि तिला काही दिसलंच नव्हतं, मास्तर! मग थांबवलं कशासाठी?"

मास्तर करवंटीने होडीतलं पाणी उपसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारा होता कॅप्टन सामंत. नवं प्रवासी विमान लोकांच्या हाती देण्याआधी वर नेऊन त्याची परीक्षा घेणारा वैमानिक. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे घटकाभरही न विसरणारा. हे काम त्याला मास्तरांनीच शिकवलं. मास्तर आता धरणाच्या काठी राहतात, वांगी लावतात आणि आल्यागेल्याला होडीतून हिंडवतात.

"नीट सांग," मास्तर म्हणाले.

सामंतने सांगितलं. काल विमानात प्रवाशांच्या जागी पाण्याने भरलेली पिंपं होती, वजनासाठी. वर गेल्यावर नाक हळूहळू उचलायचं, वेग कमी करत न्यायचा, इतका की पंखांना विमान पेलेनासं व्हावं... आणि मग सावरायचं. मागे यंत्रांपुढे इंजिनिअर मृणाल टिळेकर बसली होती. पंख सोडून देण्याच्या अगदी काठावर आल्यावर ती म्हणाली, "थांबा."

या लोकांत एक रिवाज आहे. विमानातल्या कुणीही 'थांबा' म्हटलं की चाचणी तिथेच थांबते. हवेत कुणी 'का' विचारत नाही.

सामंतनेही थांबवली. पण खाली उतरल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, काय दिसलं तुम्हाला? मृणाल म्हणाली, "काही नाही, सर... पिंपांचा आवाज वेगळा वाटला." सगळे हसले. पिंपं तपासली, तर एकही जागचं हललं नव्हतं.

"साप साप म्हणून भुई धोपटणारी माणसं मला नकोत," सामंत म्हणाला. "उद्या तीच चाचणी पुन्हा आहे. तिला काढतो. दुपारपर्यंत तिच्या जागी दुसरं नाव कळवायचंय."

"बैस होडीत," मास्तर म्हणाले.

सकाळचं धुकं अजून उठलं नव्हतं. काठ मागे गेला, मग दिसेनासा झाला. पाणी आणि आभाळ एकच झालं. होडी पाण्यात आहे की हवेत, हे सामंतलाही सांगता आलं नसतं. वल्ह्यांचा आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी झोपेतून यावा तसा येत होता.

मला विचाराल तर अशा जागी माणसाने वाद घालू नये. सामंत घालत होता.

"खाली गाव आहे," मास्तर मधेच म्हणाले. "धरणात बुडालेलं. देवळाचा कळस उन्हाळ्यात वर येतो."

"आणि आत्ता?"

"आत्ता वीतभर खाली असेल, नाहीतर पुरुषभर. दगडी आहे. गेल्या साली एक होडी फुटली त्यावर."

"कुठेशी?"

"इकडेच."

सामंतचा वाद तिथेच संपला.

"मग पुढे बघा की, मास्तर!"

"वल्हवणाऱ्याची पाठ पुढे असते रे. बघायचं तू."

सामंत बघू लागला. धुक्यात एक गल्ली दिसली, मग नव्हती. एकदा वाटलं, खाली कुणीतरी अंगण झाडतंय. पुढे सगळं पांढरं, मऊ, निवांत... इतकं निवांत की भीती वाटावी.

"थांबा!"

मास्तरांनी वल्ही पाण्यात रोवली. होडी जागच्या जागी कलली, फिरली, आणि मास्तर आल्या वाटेने वल्हवू लागले. 'काय झालं' नाही, 'कुठे' नाही. काठ येईपर्यंत अवाक्षर नाही.

काठावर त्यांनी दोर खुंट्याला बांधला, पाय धुतले. सामंत उभाच होता.

"विचारा की... काय दिसलं ते."

मास्तर पंच्याने पाय पुसत राहिले.

"काही दिसलं नाही, मास्तर." त्याचा चेहरा उतरला. "पाण्याचा आवाज वेगळा वाटला."

"बरं."

"हसला नाहीत?"

"हसलो असतो, तर पुढच्या वेळी तू जरा उशिराच म्हणाला असतास."

सामंतला लाज वाटली, आणि ती त्याने लपवली नाही. मग त्याने फोन काढला.

"मृणाल, उद्या मागे तुम्हीच बसायचंय... हो, त्याच खुर्चीवर. आणि काल सगळ्यांसमोर जे बोललो ते माझं चुकलं. उद्या सगळ्यांसमोरच तसं सांगतो."

धुकं विरळ होत होतं. पाणी सपाट पसरलं होतं, त्यावर कसलीही खूण नव्हती. सामंत जायला निघाला, चार पावलं गेला आणि परत आला. हुशार माणसाला काही गोष्टी सोडवत नाहीत.

"पण मास्तर, खरं सांगा... होता का हो तिथे कळस?"

मास्तरांनी करवंटी उचलली आणि पुन्हा होडीतलं पाणी उपसायला बसले.

"कुणास ठाऊक... आपण वळलो ना."