कपाटातला घोळ

एके काळी बंदरावरच्या एका घरात काचेचं कपाट होतं आणि त्यात एकच नियम होता: खाऱ्या पाण्याला शिवायचं नाही. का, ते विचारायचं नाही. गंमत म्हणजे आतली सगळी मंडळी, गळाच्या काठ्या आणि रीळं, समुद्रात मासे धरण्यासाठीच घडवलेली होती.

मालक पितळी रीळआजोबांना रोज तेल लावी. मग आजोबा आपण ओढून काढलेल्या घोळ माशाची गोष्ट सांगत. दरवर्षी तो घोळ हातभर वाढे. वेताची काठीकाकू उसासे टाकी, "तेव्हा समुद्र होता हो! आता नुसतं पाणी!"

नव्या बांबूची काठी चिवी हे ऐकून ऐकून विटली होती. तिची दोरी अजून एकदाही भिजली नव्हती.

एका सकाळी मालकाच्या लेकीची काठी खडकात मोडली. तिने येऊन कपाट उघडलं.

"मागे सर, चिवे!" आजोबा करकरले. "मीठ लागलं की संपलीस!"

"आणि तुमचा घोळ, आजोबा? तो काय या कपाटात धरलात?" चिवी म्हणाली. "मी नाही मागे सरणार."

ती सरळ मुलीच्या हातात झुकली.

त्या वर्षी घोळ वाढला नाही.