गोंदा आणि मोठी अक्षरं

एका गावात गोंदा नावाचा एक भोळा गडी होता. सांगितलेलं तो शब्द न शब्द पाळायचा, आणि घरच्यांचा जीव त्यामुळंच मेटाकुटीला यायचा. त्याचं लग्न जुळावं म्हणून मालूवहिनीनं नवस बोलायचा तेवढा बाकी ठेवला होता.

वहिनी घरबसल्या लग्नं जुळवणारी वेबसाइट चालवायची. प्रत्येक मुलामुलीचं तिथं एक पान, आणि पानाचा पत्ता इंग्रजी लहान अक्षरांत. एकदा कुणीतरी मोठ्या अक्षरांत पत्ता लिहिला. पान उघडलं नाही आणि चांगलं स्थळ हातचं गेलं. वहिनीनं दुरुस्ती केली आणि मदतीला बसणाऱ्या गोंदाला बजावलं, "यापुढं मोठं काय, लहान काय, एकच समजायचं."

गोंदानं मान डोलावली. बाजारात पुतण्यासाठी चपला आणायला गेला, तो पुतण्याच्या बापाच्या मापाच्या घेऊन आला. पोरगं रडायला लागलं. गोंदा म्हणाला, मोठं-लहान एकच.

वहिनीनं कपाळावर हात मारला. आपण चपलांचं नव्हे, पत्त्यांचं बोललो, असं समजावलं. पत्ता लिहिताना कुणी चुकलं तर त्याला परत न धाडता गुपचूप आपल्या पानावर आणून सोडायचं, एवढंच.

पत्त्याचं म्हटल्यावर गोंदाला हुरूप आला. दुसऱ्याच दिवशी वेशीवर एका पाहुण्यानं थोरल्या देसायांचं घर विचारलं. गोंदानं त्याला गुपचूप धाकट्या देसायांकडं नेऊन बसवलं. दोघा भावांचं हाडवैर. थोरल्यांसाठी आणलेले पेढे धाकट्यांनी चवीनं खाल्ले, आणि संध्याकाळी थोरले काठी घेऊन गोंदाच्या दारात उभे.

"आता एकच ध्यानात ठेव," वहिनी म्हणाली. "मोठं ते मोठं, लहान ते लहान. नाव तंतोतंत जुळलं तरच घरात घे. नाहीतर असं कोणी नाही म्हण, आणि मोठ्याला मोठ्याकडंच पोचव."

अखेर गोंदाला स्थळ आलं. फोटो बघून मुलीनं होकार दिला होता. तिच्या वडलांनी फोटो काही बघितला नव्हता, ते थेट घर बघायला यायचे तेवढे बाकी होते. गोंदा सकाळपासून नवा सदरा घालून ओट्यावर बसला. लग्न व्हावं असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. वहिनी आत पोह्यांच्या तयारीला लागली.

दारात जीप थांबली. मुलीचे वडील उतरले आणि अदबीनं म्हणाले, "गोविंदराव इथंच राहतात ना?"

गोंदाचं पाळण्यातलं नाव गोविंद, आणि होणाऱ्या जावयाला राव लावायची रीतच आहे. पण गोंदाला जन्मात कुणी राव म्हटलं नव्हतं. त्यानं मनात दोन्ही नावं शेजारी ठेवून पाहिली. हे भलतंच मोठं, आपलं लहान.

"असं कोणी नाही इथं," तो म्हणाला.

मग त्याला आठवलं, वरच्या आळीला गोविंदराव इनामदार आहेत. तेही बिनलग्नाचेच. वाट चुकू नये म्हणून गोंदा स्वतः जीपमध्ये पुढं बसून गेला.

परत आला तेव्हा वहिनी पोह्यांवर खोबरं पेरत होती. पाहुणे आले का, म्हणून तिनं विचारलं.

"येऊन गेले. त्यांना मोठ्या नावाचे हवे होते, इनामदारांकडं सोडून आलो. मुलीच्या वडलांना घर फार आवडलं."

गोंदानं पोह्यांचं ताट उचललं.

"हे तिकडंच पोचवतो," तो म्हणाला. "गार झाले तर स्थळ मोडायचं."