ग्रंथालयातला सरवा

एकदा एका नगरातल्या जुन्या ग्रंथालयात एक तरुण स्त्री वृद्ध ग्रंथपालांच्या हाताखाली काम शिकत होती. ती पदवीधर होती, कष्टाळू होती, आणि शंका घेण्यात तर निपुणच होती, विशेषतः स्वतःविषयी. अडीच वर्षांची मुलगी सासूबाईंपाशी ठेवून ती कामावर येई आणि दिवसभर एक डोळा पुस्तकांवर, एक डोळा भिंतीवरच्या घड्याळावर ठेवी. वृद्ध ग्रंथपालांना सारे अण्णा म्हणत. त्यांची शिस्त विलक्षण होती. रोज सकाळी ते एक लाकडी पट्टी प्रत्येक फळीवरून फिरवीत, आणि सर्व पुस्तकांच्या कडा एका रेषेत आल्याखेरीज दार उघडीत नसत. एखादे पुस्तक बोटभर पुढे आलेले दिसले, की शिष्येला विचारीत, "याला काय पळून जायचंय का?"

एका बुधवारी मार्थाबाई नावाच्या एक बाई ग्रंथालयात आल्या. तीस वर्षे त्यांनी बालवाडीत मुलांना बडबडगीते शिकवली होती. दारातच चपला काढून त्या आत आल्या, तेव्हा शिष्या म्हणाली, "बाई, चपला राहू द्या. इथे चालतं."

"नको गं. पहिल्यांदाच येतेय," मार्थाबाई म्हणाल्या, आणि बसल्यावर त्यांनी आपली अडचण सांगितली. त्यांच्या चर्चचे पाळक आजारी होते. रविवारच्या उपासनेत शास्त्रावर बोलायला कोणीच नव्हते, म्हणून पाळकांनी मार्थाबाईंचे नाव सुचवले. आजवर त्या व्यासपीठावर एकही स्त्री उभी राहिलेली नव्हती. मंडळीचे ज्येष्ठ पंच दानिएलराव यांनी होकार दिला, पण अट घालून.

"म्हणाले, बालवाडीतली गाणी नव्हेत ही, मार्थाबाई, शास्त्र आहे. बोलून झालं की मी सगळ्यांसमोर विचारीन. उत्तर आलं, तर पुढेही बायकांनी बोलावं. नाही आलं, तर हा विषय परत काढायचा नाही."

"मग तुम्ही काय बोलणार आहात?"

"रूथची गोष्ट घेतलीय. परदेशी सून आणि म्हातारी सासू. दोघी विधवा. सून दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूला जगवते." सरवा म्हणजे कापणी झाल्यावर शेतात उरलेली कणसे, हे त्यांनी बालवाडीच्या सवयीने हात खाली नेऊन करूनही दाखवले. "पुढे त्या गोष्टीत एक माणूस वेशीत, चारचौघांत, पायातला जोडा काढून दुसऱ्याच्या हातात देतो. का देतो? चाळीस वर्षं ऐकतेय, कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दानिएलराव नेमकं तेच विचारणार बघ."

"तुमच्या घरी बायबल आहे ना?"

"आहे की! त्यात तशी रीत होती एवढंच आहे. जोडाच का, ते कुठे असतं?"

शुक्रवारी दिवसभर येऊन बसायचे ठरवून त्या गेल्या, आणि शिष्येच्या शंका सुरू झाल्या. आपल्यामुळे एका बाईची फजिती झाली तर? आणि एकीचीच का, चर्चमधल्या सगळ्याच बायकांची? गुरुवारी ती सकाळपासून कामाला लागली. धर्मग्रंथांच्या दालनात दोनशे वीस हा आकडा लिहिलेली एक फळी होती. आजवर तिने त्या फळीवरची फक्त धूळ झटकली होती. आज तिला तिथे जुन्या-नव्या भाषांतरांची तीन बायबले सापडली. कोणता शब्द कुठे कुठे आला आहे ते दाखवणारी जाडजूड शब्दसूची सापडली. एक कोश, एक नकाशासंग्रह, आणि अवघड जागांचा अर्थ उलगडणाऱ्या दोन टीका सापडल्या. आठही ग्रंथ तिने टेबलावर रचले, पानापानांत चिठ्ठ्या घातल्या, आणि तेवढ्यानेही जिवाला स्वस्थता येईना, तेव्हा जोड्याचे रहस्य स्वतः वाचून चार पानांत लिहूनही काढले. अक्षर सुवाच्य. शीर्षकाखाली दुहेरी रेघ.

शुक्रवारी सकाळी ती आली, तेव्हा अण्णा त्या ढिगाशी उभे होते. त्यांनी एकेका पुस्तकातल्या चिठ्ठ्या काढल्या, पुस्तके उचलली आणि फळीवर परत नेऊन ठेवायला सुरुवात केली.

"अहो अण्णा! काय करताय? मार्थाबाई येतील आता!"

"जागच्या जागी ठेवतोय."

पण ते जागच्या जागीही नव्हते. ज्या माणसाला बोटभर पुढे आलेले पुस्तक खपत नसे, तो आज त्या आठही ग्रंथांना रांगेतून दोन-दोन बोटे बाहेर ओढून ठेवत होता. चारही पाने त्यांनी शांतपणे वाचली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "छान लिहिलंयस. पर्समध्ये ठेव."

"पण ही त्यांच्यासाठी—"

"बाई आल्या की दोनशे वीसची फळी दाखवायची. शब्दसूची कशी बघतात ते एकदा सांगायचं. मग मूग गिळून बसायचं. त्यांनी काहीही उचललं, कुठेही चुकल्या, तरी हटकायचं नाही."

शिष्येला हा म्हाताऱ्याचा लहरीपणा वाटला. खरे सांगायचे तर क्रूरपणाच वाटला. पण गुरूची आज्ञा होती.

मार्थाबाई दहाला आल्या. फळीपुढे उभ्या राहून बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग जे पुस्तक सर्वांत पुढे आलेले दिसले तेच त्यांनी ओढले. तो नकाशासंग्रह निघाला. तो उघडून त्या बसल्या, त्या बसल्याच.

अकरा वाजता शिष्या अण्णांच्या टेबलाशी धावली. "एक तास झाला! नकाशाच बघतायत!"

"बघू दे."

"पण जोडा नकाशात नाहीये अण्णा!"

अण्णांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तुझी लेक स्वतःच्या हाताने जेवते?"

"सांडते फार. म्हणून मीच भरवते."

"घास चुकून नाकात गेलाय कधी?"

"गेलाय ना. दोनदा."

"आणि तोंड सापडलं की नाही शेवटी?"

शिष्या परत जागेवर जाऊन बसली आणि ओढणीचे टोक पिळत राहिली. दुपारी मार्थाबाईंनी शब्दसूची ओढली. तिच्यातून त्या बायबलातल्या नियमशास्त्राच्या पाचव्या पुस्तकापाशी गेल्या, तिथून टीकेकडे, पुन्हा बायबलाकडे. नेमका अध्याय सापडेना म्हणून दोन पाने मागे गेल्या, तिथेच रमल्या, ओठ हलवीत वाचत राहिल्या. शिष्येला ठाऊक होते की हवी ती ओळ दोन पाने पुढे आहे. तिने जीभ दातांखाली धरली. तीन वाजता फळीपाशी "अय्या!" असा आवाज झाला, आणि वर्तमानपत्रे वाचणारी चार-पाच डोकी वळली. मार्थाबाई स्वतःच्याच तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

रविवारी अण्णा आणि शिष्या दोघेही चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसले. शिष्येच्या मांडीवर लेक होती आणि पर्समध्ये ती चार पाने. बाई अडखळल्या तर पाणी देण्याच्या निमित्ताने पाने पुढे सरकवायची, असा तिचा बेत होता. अण्णांना तो सांगितलेला नव्हता.

मार्थाबाई व्यासपीठावर चढल्या. पहिल्या दोन वाक्यांना आवाज कापला. मग त्या म्हणाल्या, "रूथचा मवाब देश कुठे आणि सासूचं बेथलेहेम कुठे, हे मी परवा नकाशात पाहिलं. मध्ये खारट समुद्र आहे. त्याला वळसा घालायचा, खोल खोल उतरायचं, आणि मग डोंगर चढायचा. दोन बायकांनी हे पायी केलं. एक म्हातारी. एक परकी. पोटात अन्न नाही." बाकांवरची कुजबुज थांबली. त्यांनी चालणाऱ्या दोघी उभ्या केल्या, शेत उभे केले, सरवा वेचणारे वाकलेले हात उभे केले. मग म्हणाल्या, "आणि त्या शेताच्या मालकाने कापणी करणाऱ्या गड्यांना गुपचूप काय सांगितलं ठाऊक आहे? पेंढ्यांतली थोडी कणसं मुद्दाम ओढून खाली टाका. ती वेचू दे. तिला हटकू नका."

शिष्येने चमकून शेजारी पाहिले. अण्णा छताच्या पंख्याकडे अतिशय लक्षपूर्वक बघत होते.

भाषण संपले. दानिएलराव उभे राहिले. जोड्याचा प्रश्न त्यांनी विचारलाच. मार्थाबाई म्हणाल्या, जमिनीवर ज्याचा पाय, त्याची जमीन. म्हणून हक्क सोडणारा जोडा काढून देतो, असे टीकाकार सांगतात. मंडळीतून "वा!" आले. पण दानिएलराव बसले नाहीत.

"ठीक. आता दुसरं सांगा. मवाबी माणसाने दहाव्या पिढीपर्यंत देवाच्या मंडळीत यायचं नाही, असा नियमशास्त्रात स्पष्ट हुकूम आहे. रूथ मवाबी होती. मग ती आत आली कशी? शास्त्र मोडून?"

शिष्येचा हात पर्सकडे गेला आणि तिथेच थिजला. तिच्या चार पानांत याविषयी एक अक्षरही नव्हते. तिने तो अध्याय उघडलाच नव्हता. ती थेट जोड्याच्या ओळीपाशी गेली होती, आणि मार्थाबाईंनाही थेट तिथेच नेणार होती.

मार्थाबाई मात्र हसल्या. शुक्रवारी तीन वाजता हसल्या होत्या तशा.

"बरं झालं विचारलंत, दानिएलराव. मी जोडा शोधायला गेले आणि चुकून दोन पानं आधीच उतरले. तिथे हा हुकूम होता. मलाही धक्का बसला. म्हटलं, आता हो कसं? म्हणून पुढचं पान वाचलं. त्यात लिहिलंय, शेतात पेंढी विसरलीत तर माघारी जाऊन आणू नका. ती परक्याची, पोरक्याची आणि विधवेची. एका पानावर दार लावलंय, आणि लगेच पुढच्या पानावर शेत उघडं ठेवलंय. रूथ दारातून आलीच नाही. ती शेतातून आली. आणि दहाव्या पिढीपर्यंत नको म्हटलेल्या त्या बाईच्या घरात चौथ्याच पिढीला दावीद राजा जन्मला. आता सांगा, शास्त्र तिने मोडलं, की पुरतं वाचलं?"

आधी मागच्या बाकांवरून टाळी आली. चर्चमध्ये टाळ्या वाजवायची रीत नव्हती, तरी आली. आणि मग थांबेना. शिष्येची लेकही दोन्ही हात आपटू लागली. दानिएलराव क्षणभर उभे होते. मग शास्त्रात मुरलेला तो माणूस मोठ्याने म्हणाला, "चाळीस वर्षं मी हा प्रश्न लोकांना घालतोय. उत्तर आज मिळालं. पुढच्या रविवारी कोण बोलणार, ते बायकांनीच ठरवावं."

बाहेर अंगणात बायकांनी मार्थाबाईंना गराडा घातला होता. शिष्या अण्णांजवळ उभी राहून हळूच म्हणाली, "अण्णा, आणि त्यांना काही सापडलंच नसतं तर?"

"तर दोनाऐवजी चार बोटं बाहेर काढली असती." अण्णा हसले. "माझीही छाती धडधडत होती, पोरी. न धडधडणाऱ्याने हे काम करूच नये. पण बघ, तुझी चार पानं खरी होती. त्यांत एकच उणं, की ती तुझी होती. तुला सापडलं तेवढंच त्यांत मावलं. बांधलेली पेंढी घरी नेता येते, पण तिच्याबरोबर शेताची वाट येत नाही. वेचणाऱ्याला मात्र पेंढीपेक्षा जास्त दिसतं, कारण तो वाकतो, चुकतो, भलत्या सरीत शिरतो. आपलं काम एवढंच: शेतापर्यंत पोचवायचं, कणसं थोडी सैल ठेवायची, आणि हटकायचं नाही. सर्वांत अवघड तेच. हटकायचं नाही."

तेवढ्यात मार्थाबाई गर्दीतून वाट काढीत आल्या. चेहरा नुसता फुलला होता. शिष्येचे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "ऐकलंस ना पोरी? सगळं माझं मी शोधलं बरं का! पुस्तकंसुद्धा माझी मीच काढली. तू आपली नुसती फळी दाखवलीस."

शिष्येच्या ओठांवर कितीतरी वाक्ये आली. गुरुवारचा अख्खा दिवस आला, दुहेरी रेघसुद्धा आली. तिने ती सारी गिळली, आणि काय आश्चर्य, ती गोड लागली.

"हो ना, बाई," ती म्हणाली. "मी नुसती फळीच दाखवली."

शिकवणाऱ्याच्या वाट्याला याहून मोठा विजय येत नाही.