भिंतीशी उभी राहिलेली कासारीण

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा शाळेत दगडी पाटी नव्हती. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरायची, बोटाने अक्षर काढायचं आणि चुकलं की तळव्याने पुसायचं. तिला धूळपाटी म्हणत.

त्या काळी नदीकाठच्या एका गावात एक कासारीण राहायची. बांगड्यांच्या माळा खांद्यावर टाकून तिने तीस वर्षं आठ गावं पायी तुडवली होती. पन्नाशी उलटली तसे गुडघे कुरकुरू लागले. मग एक दिवस तिने माळा भाच्याच्या खांद्यावर ठेवल्या आणि म्हणाली, "घे बाबा. आता तू आणि तुझे गुडघे."

त्याच सुमारास गावचे पंतोजी थकले आणि लेकाकडे राहायला गेले. शाळा ओस पडली. कासारणीला तिच्या बापाने लहानपणी अक्षरं शिकवली होती. ती उठून पाटलांकडे गेली.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बांगड्या भरणं वेगळं, कासारीणबाई, आणि पोरांच्या डोक्यात अक्षरं भरणं वेगळं."

"असेल. पण करून बघते."

"बघा तर मग. पुढच्या पौर्णिमेला सगळ्या गावासमोर अकराच्या अकरा पोरांनी आपापलं नाव लिहून दाखवायचं. एक जरी अडलं, तरी आम्ही दुसरं माणूस शोधू."

ती हो म्हणाली. नाही म्हणून जाणार कुठे? माळा भाच्याकडे गेल्या होत्या, आणि जुने गुडघे काही परत येणार नव्हते.

शाळा भरायची देवळाच्या ओवरीत. खुंटीला पंतोजींची छडी तशीच लटकलेली होती. कासारणीने ती हातात घेतली. पंतोजी उभे राहत तिथेच ती उभी राहिली, त्यांच्यासारख्याच भुवया चढवल्या, त्यांच्यासारखंच नाकातून बोलली. बायकांशी गोड बोलून तीस वर्षं संसार चालवलेली बाई ती. तिला स्वतःचाच आवाज ओळखू येईना.

शाळेचा नियमही पंतोजींचाच होता. ज्याचं अक्षर चुकेल, त्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं.

आठ दिवस गेले. भिंतीशी कुणी उभं राहिलं नाही. कासारणीला आधी बरं वाटलं. मग तिने पाट्यांकडे नीट पाहिलं, तर अकराही पाट्या कोऱ्या. पोरं हुशार होती. जो लिहीतच नाही तो चुकणार कसा, हे त्यांनी केव्हाच शोधून काढलं होतं.

सगळ्यांत पक्की होती लोहाराची लेक. तिचं नाव भागीरथी. गावात सगळ्यांत लांब नाव तिचं आणि सगळ्यांत आखडलेला हातही तिचाच. ती धूळपाटीसमोर मूठ मिटून बसायची, जणू बोट बाहेर काढलं तर कुणी पळवून नेईल.

त्या संध्याकाळी कासारीण घरी आली तर ओसरीवर भाचा एका नव्या नवरीला बांगड्या भरत होता. नवरीने हात आखडला होता आणि भाचा घामाघूम झाला होता.

"अहो वहिनी, हात सैल सोडा की जरा."

"सोड म्हटल्यानं सुटतो का हात?" कासारीण म्हणाली. "सरक बघू."

ती नवरीशेजारी बसली. आधी बांगडीला हातच लावला नाही. नवरीचा हात नुसता आपल्या हातात घेतला, अंगठ्याच्या बुडाशी हलकेच दाबत राहिली. माहेर कुठलं, सासूबाई ताकाला मीठ घालतात की साखर, असलं काहीबाही विचारत राहिली. साखर घालतात, असं सांगताना नवरीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. तेवढ्यात दोन बांगड्या चढल्याही. तिसरी मात्र कट् करून गेली.

नवरी दचकली. "माझ्यामुळं झालं."

"तुझ्यामुळं कसं?" कासारीण सवयीने म्हणाली. "भरताना गेलेली बांगडी कासाराची. मनगटावर चढली की मग ती तुझी. आमच्यात असंच असतं."

एवढं बोलली आणि चौथी बांगडी हातातच राहिली.

"काय झालं आत्या?" भाच्याने विचारलं.

"काही नाही. तीस वर्षं जे रोज बोलत होते, ते आज ऐकलं."

दुसऱ्या दिवशी कासारणीने छडी खुंटीलाच राहू दिली. ती पोरांमध्ये जमिनीवर बसली आणि आपल्या स्वतःच्या आवाजात म्हणाली, "आजपासून नियम बदलला. शिकताना चुकलेलं अक्षर माझं. भिंतीशी मी उभी राहणार. बरोबर आलेलं अक्षर तेवढं तुमचं."

पोरांचा विश्वास बसला नाही. तेल्याच्या पोराने मुद्दामच एक वाकडंतिकडं अक्षर काढलं. कासारीण उठली, भिंतीशी जाऊन उभी राहिली आणि परत येऊन बसली. सगळी शाळा खिदळली. त्याने दुसरं काढलं. ती पुन्हा उठली. सातव्या खेपेला तिच्या गुडघ्याचा कटकट आवाज ओवरीभर ऐकू आला.

तेल्याचं पोर वरमलं. त्याने पाटी पुसली, जीभ बाहेर काढून बराच वेळ खपला आणि म्हणाला, "बसा आता बाई. हे बरोबर आहे."

बाई म्हणून तिला हाक मारणारा तो पहिला.

मग ती रोज एकेकाशेजारी बसू लागली. कुणाचा हात कसा, हे तिला हातात घेताच कळायचं. भागीरथीचा हात तर ती नुसताच धरून बसायची. पाचव्या दिवशी मूठ उघडली. दहाव्या दिवशी बोट धुळीत टेकलं.

पौर्णिमा आली. ओवरीत पाटील बसले, सगळं गाव जमलं. दहा पोरांनी नावं लिहिली. भागीरथीची पाळी शेवटी आली. दोन अक्षरं नीट उतरली. तिसरं भलतीकडेच वळलं.

पाटलांची भुवई वर गेली. भागीरथीची बोटं हळूहळू मिटू लागली.

कासारीण उठली आणि अख्ख्या गावादेखत भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"हे काय?" पाटील म्हणाले. "चुकली पोरगी, भिंतीशी तुम्ही का?"

उत्तर भागीरथीने दिलं. "ते बाईंचं होतं." तळव्याने तिने धूळ सारखी केली. बोट पुन्हा टेकवलं आणि चारही अक्षरं एका दमात काढली. "हे माझं."

पाटील वाकून बघत राहिले. त्यांच्यामागे बसलेल्या पाटलीणबाईंनी मनगटावरच्या बांगड्या मागे सारल्या. "तीस वर्षं हिच्याकडून भरतेय," त्या म्हणाल्या. "हाताला एक ओरखडा नाही. आता दुसरं माणूस शोधत बसू नका."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "बसा बाई," ते एवढंच म्हणाले.

कासारीण बसली. महिन्याभरात पहिल्यांदाच तिने भिंतीला पाठ टेकली आणि पाय पसरून मोठा श्वास सोडला. घरी जाताना भागीरथीने खुंटीवरची छडी काढून तिच्या हातात दिली. तेव्हापासून ती छडी शाळेत रोज यायची आणि रोज जायची. गुडघ्यांना आधार म्हणून.

तात्पर्य: शिकणाऱ्याची चूक जो आपल्या पदरी घेतो, त्याच्यापाशीच शिकणाऱ्याचा हात मोकळा होतो.