मोतीतळ्यावरचं भूमिपूजन

माझे वडील नगरपालिकेत कारकून होते. ते म्हणायचे, "सभेत ठराव मंजूर होऊनच येतो, फक्त चहा व्हायचा राहतो." त्यामुळे सभेला गावातलं कुणी फिरकत नसे. पण मोतीतळं बुजवून तिथे दुकानांचे गाळे बांधायचं ठरलं, तेव्हा तीस वर्षं त्या तळ्यावर कपडे धुणाऱ्या द्वारकाबाई सभेत जाऊन उभ्या राहिल्या.

नगराध्यक्ष बाबासाहेबांनी नकाशा पसरला. "बाई, नकाशात इथे तळं नाहीच. कोरडी, पडीक जमीन आहे. नकाशा खोटा म्हणता?"

"छे हो साहेब, खराच असेल," द्वारकाबाई म्हणाल्या. "मग उद्या भूमिपूजनाचा नारळ तेवढा बरोबर मधोमध जाऊन फोडा. मी काठावरून टाळ्या वाजवते."

बाबासाहेबांना पोहता येत नाही, हे गावाला ठाऊक होतं. सभागृहात हशा उसळला. त्यांनी नकाशा गुंडाळला आणि ठराव मागे घेतला.

त्या उन्हाळ्यात आम्ही पोरंपोरी पाठीला भोपळे बांधून मोतीतळ्यात पोहायला शिकलो. आमच्यात बाबासाहेबांची नातही होती. तिचा हात धरून तिला पहिल्यांदा पाण्यात उतरवलं, ते द्वारकाबाईंनीच.