रंगाऱ्याची लेक आणि नदीचं पाणी

नदीच्या वळणावर एक टुमदार नगर वसलं होतं. तिथल्या रंगाऱ्यांच्या आळीत तुळसा नावाची मुलगी राहायची. नदीवर तिचा फार जीव. मैत्रिणींना जमवून ती घाटावरचा कचरा काढायची, काठाने झाडं लावायची.

एका वर्षी नगरसभेची निवडणूक आली. लोकांनी आग्रह केला आणि तुळसा उभी राहिली.

लगेच आळीचे पंच तिच्या घरी आले. म्हणाले, "पोरी, आळीची सगळी मतं तुलाच. फक्त रंगाच्या पाण्याचा विषय काढू नकोस."

आळीत कापड रंगवायच्या हौदांचं रंगीत पाणी थेट नदीत जायचं. ते पिऊन खालच्या वाडीतली गुरं आजारी पडत होती. तुळसाने वडिलांकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. त्यांच्या हौदाचं पाणीही नदीतच जात होतं.

"काका," ती म्हणाली, "लोकांना कचरा टाकू नका म्हणायचं आणि आपल्या घरचं पाणी झाकायचं, हे मला जमणार नाही. आपण वाळू-कोळशाचे खड्डे करू, पाणी गाळून सोडू. मी स्वतः खणायला येईन."

"मग मतं विसर," म्हणत पंच उठून गेले.

चौकातल्या सभेतही तुळसा तेच बोलली. आधी स्वतःच्या घराचं नाव घेतलं, मग आळीचं. मतदानात आळीने पाठ फिरवली. तुळसा हरली.

सकाळी ती परसात आली, तर वडील कुदळीने खणत होते.

"बाबा, हे काय?"

"शेजारी म्हणाला, पोरीने आळीची लाज काढली. मी म्हटलं, लाज राखली. मग खड्डा नको का खणायला? चल, माती उचल."

वाळू-कोळसा भरल्यावर खड्ड्यातून नितळ पाणी झिरपू लागलं. ते बघायला शेजारी आले, मागोमाग पंचही आले. हळूहळू घरोघरी खड्डे झाले. वाडीतली गुरं पुन्हा बिनधास्त नदीवर येऊ लागली.

पुढच्या निवडणुकीत तुळसाचं नाव पंचांनीच सुचवलं, आणि ती निवडून आली. ती नगरसभेत शपथ घ्यायला उभी राहिली, तेव्हा कुणीतरी विचारलं, "कुणाची हो ही मुलगी?"

वडील काही बोलणार, तेवढ्यात पंच ताठ मानेने म्हणाले, "आमच्या आळीची."

तात्पर्य एवढंच: गाव सुधारायला निघालेला माणूस आधी स्वतःच्या घरातली चूक मान्य करतो, तेव्हाच लोक त्याला आपला मानतात.